पार्क काउंटीतले छपराचे पूल आणि पिठाच्या गिरण्या: एका दिवसाची फेरी नीट कशी आखावी

इंडियाना राज्यातल्या पार्क काउंटीत छपराचे ३१ लाकडी पूल आजही उभे आहेत. शिकागो आणि इंडियानापोलिसकडची मराठी मंडळी ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला तिकडे निघतात आणि बहुतेकांची फेरी एकाच तऱ्हेने फसते. ‘जमतील तेवढे पूल’ असं ठरवून सकाळपासून गाडी पळवायची, प्रत्येक पुलाच्या तोंडाशी एक फोटो काढायचा, आणि गिरणीच्या दाराशी पोचावं तर तिथे कुलूप. घरी आल्यावर फोनमध्ये तांबड्या भिंतींचे डझनभर पूल दिसतात, पण कुठला कोणता ते एकालाही सांगता येत नाही.

इथे दिलेला क्रम उलटा आहे. आधी गिरणी, मग पूल, आणि दिवसभरात पाच-सहा ठिकाणं, त्याहून जास्त नाहीत. त्याला कारण आहे. या भागात गिरणी आधी आली आणि पूल मागाहून. ओढ्यावर बांध घालून गिरणी बसली, तिच्याभोवती चार घरं आणि दुकान झालं, आणि पलीकडच्या काठावरच्या शेतकऱ्याला दळण घेऊन भरल्या पाण्यातून यायला नको म्हणून पूल बांधला गेला. ब्रिजटन गावात पहिली गिरणी १८२३ ची आणि छपराचा पूल १८६८ चा. हे माहीत असलं की बांध, गिरणी आणि पूल एकत्र बघावेसे वाटतात, आणि तसे बघितले तरच ते कळतात.

टप्पा १: तारीख ठरवणं

दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून दहा दिवस इथे कव्हर्ड ब्रिज फेस्टिव्हल भरतो. १९५७ पासून चालत आलेली ही मोठी जत्राच आहे. मॅन्सफील्ड आणि ब्रिजटन ही दोन गिरणीची गावं त्या दिवसांत दुकानांनी आणि माणसांनी भरून जातात. जत्रा बघायची असेल तर जरूर जा, मजा येते. पण पूल आणि गिरणी नीट बघायची असेल तर हे दहा दिवस सोडा. एवढी एकच गोष्ट सांभाळली तरी निम्मी फेरी वाचते.

माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ म्हणजे जत्रा संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे. पानं थोडी गळलेली असतात, त्यामुळे काठावरून पुलाचा पूर्ण लांबट आकार आणि खालचे दगडी पाये दिसतात. भर उन्हाळ्यात तेच झाडीत झाकलेले असतात. वसंतात हिरवळ सुंदर असते, पण ओढ्यांना पूर येतात आणि सखल रस्त्यांवर पाणी चढतं. जानेवारी-फेब्रुवारीत खडीच्या रस्त्यांवर बर्फ असतो. तेव्हा जाऊच नका.

सावधान: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. आदल्या आठवड्यात पावणेसातच्या सुमाराला होणारा सूर्यास्त एकदम पावणेसहाच्या आत येतो. त्या रविवारनंतर जाणार असाल तर शेवटचं ठिकाण यादीतून आधीच काढून टाका.

टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

१. गिरण्यांच्या वेळा विचारून घ्या. पूल चोवीस तास तिथेच असतात, गिरणी नसते. ब्रिजटनची गिरणी आणि मॅन्सफील्डची गिरणी, दोन्हींच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. गेल्या वर्षीच्या कुणाच्या पोस्टवर विसंबू नका. फोन करा, आणि ‘उघडी आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘उद्या दळण चालू असेल का’ हेही विचारा. बंद यंत्र बघणं आणि चालतं जातं बघणं यांत फार फरक आहे.

२. काउंटीचा नकाशा उतरवून घ्या. रॉकव्हिल गावापासून रंगांच्या नावांनी ओळखले जाणारे पाच मार्ग आखलेले आहेत: लाल, काळा, तपकिरी, निळा, पिवळा. रस्त्यांवर तशा खुणाही आहेत. रॉकव्हिलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात पर्यटन केंद्र आहे, तिथे छापील नकाशा मिळतो. पण सकाळी पहिला मुक्काम तिथे नसेल तर घरूनच छापून न्या. मुलाबाळांच्या हातात कागदी नकाशा दिला की पुढचं वळण शोधायचं काम तीच करतात.

३. फोनमध्ये या भागाचा ऑफलाइन नकाशा साठवा आणि प्रत्येक पुलाची खूण आधीच टाकून ठेवा. ओढ्यांच्या खोलगट भागात नेटवर्क जातं, आणि पूल नेमके तिथेच असतात.

४. गाडीची उंची आणि वजन लिहून घ्या. दोन-तीन कुटुंबं मिळून मोठी व्हॅन भाड्याने घेतात, किंवा टपावर सामानाची पेटी वा सायकली असतात. पुलाच्या तोंडावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. उंची फुटांत, वजन टनांत. टपावरच्या पेटीसकट उंची किती हे घरीच टेप लावून मोजा, पुलासमोर उभं राहून अंदाज करू नका.

५. डबा घ्या. वाटेवरच्या छोट्या गावांत शाकाहारी माणसाला फारसं काही मिळत नाही. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि भरपूर पाणी. पेट्रोल रॉकव्हिलमध्ये किंवा त्याच्या आधी भरा.

६. एक टॉर्च घ्या. दिवसाही. का ते टप्पा ६ मध्ये येईल.

तपासा: शिकागो किंवा इलिनॉयमधून येत असाल तर वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं. पार्क काउंटी ईस्टर्न वेळेत आहे. शिकागोहून साधारण तीन तासांचा रस्ता आहे, म्हणून सातला निघणारा माणूस दहाला पोचेन असं धरतो आणि तिथे अकरा वाजलेले असतात. गिरणी चुकण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. फोनवर ठरवलेली वेळ कुठल्या घड्याळाची, हे दोनदा बघा.

टप्पा ३: क्रम

इंडियानापोलिसहून रॉकव्हिल साधारण ६० मैल. यूएस ३६ ने पश्चिमेकडे येताना रॉकव्हिलच्या आधीच राज्यमार्ग ५९ लागतो. तिथून दक्षिणेला वळा, म्हणजे थेट मॅन्सफील्ड. बहुतेक जण सरळ रॉकव्हिलला जातात आणि मग उलटे फिरून मॅन्सफील्डला येतात. त्यात सकाळ जाते.

मी हा क्रम सुचवेन: मॅन्सफील्ड, मग ब्रिजटन, जेवण, रॉकव्हिलमध्ये पेट्रोल आणि नकाशा, दुपारी उत्तरेला टर्की रन स्टेट पार्क आणि तिथला नॅरोज पूल, शेजारचा कॉक्स फोर्ड पूल, आणि उजेड असेल तरच जॅक्सन पूल. वेस्ट युनियन हा काउंटीतला सगळ्यांत लांब पूल, ३१५ फुटांचा. तो बघायचाच असेल तर जॅक्सन सोडा. दोन्ही घेतले तर परतीचा खडीचा रस्ता अंधारात येतो.

गिरण्या सकाळी, पूल दुपारी. हा क्रम उलटवू नका.

टप्पा ४: रस्त्यावर

मुख्य रस्ता सोडला की बरेच रस्ते खडीचे आहेत. खडीवर ब्रेक उशिरा लागतो आणि कडेला सैल खडी जास्त असते, म्हणून वळणावर वेग आधीच कमी करा, वळणात शिरल्यावर नाही. पुढच्या गाडीपासून लांब राहा. काच फुटते ती पुढच्याच्या चाकाखालच्या खड्यानेच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मका आणि सोयाबीनच्या कापणीचा हंगाम. सगळा रस्ता अडवणारं कापणी यंत्र समोरून आलं तर सपाट जागा बघून थांबा आणि त्याला जाऊ द्या. हॉर्न वाजवू नका. तो माणूस कामावर आहे आणि आपण सुट्टीवर.

पुलाजवळ गाडी कुठे लावायची हे ठरवताना शेताचं फाटक, घराची वाट आणि टपालपेटीसमोरची जागा सोडून द्या. पुलाखाली उतरायला पायवाट दिसली म्हणजे ती सार्वजनिक असते असं नाही. ‘नो ट्रेसपासिंग’ची पाटी किंवा तारेचं कुंपण असेल तर तिथून मागे फिरायचं.

सावधान: रस्त्यावर पाणी आलेलं असेल तर ते किती खोल आहे याचा अंदाज गाडीत बसून येत नाही. परत फिरा. ३१ पूल आहेत, दुसरा बघता येईल.

टप्पा ५: गिरणी बघणं

मॅन्सफील्डची आणि ब्रिजटनची, दोन्ही गिरण्या बघाव्यात, कारण त्या दोन वेगळ्या तऱ्हांच्या आहेत. ब्रिजटनला दगडी जात्यांवर दळण होतं. मॅन्सफील्डची रोलर मिल आहे, म्हणजे दगडांच्या जागी पोलादी रूळ. तिथे धान्य रुळांच्या जोड्यांतून जातं आणि चाळण्यांवर वेगळं होतं. मॅन्सफील्डची गिरणी आता राज्य सरकारच्या ताब्यात जतन केलेली आहे.

बहुतेक लोक दारातून सरळ पिठाच्या पिशव्यांच्या फळीकडे जातात. तसं न करता पाण्याच्या मागे जा. बाहेरून सुरुवात करा.

१. आधी बांध शोधा. त्याने पाण्याची पातळी किती उचलली आहे ते बघा. जितका फरक, तितकी गिरणीची ताकद.

२. बांधापासून इमारतीपर्यंत पाणी कसं यायचं ते बघा. मोठं फिरतं लाकडी चक्र शोधत बसू नका. या भागात पाणी इमारतीच्या पोटातल्या आडव्या टर्बाइनवर पडायचं, म्हणून बाहेरून काहीच फिरताना दिसत नाही. ‘चाक कुठे आहे’ म्हणत मुलं हिरमुसतात, त्यांना हे आधी सांगून ठेवा.

३. आत गेल्यावर वर बघा. पट्टे, दांडे, लाकडी नळकांडी छतातून वर जातात. धान्य आधी वरच्या मजल्यावर चढवायचं आणि मग आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचं, अशी सगळी रचना.

४. मग जातं. ब्रिजटनला हे जवळून बघायला मिळालं तर घाई करू नका. आपल्या घरच्या जात्यासारखंच: खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधल्या भोकातून वैरण. फक्त हाताऐवजी वरचं लाकडी नरसाळं थरथरत दाणे सोडतं. तळीवर मध्यापासून कडेकडे गेलेल्या चरा दिसतील. दाणा कापला जातो तो या चरांच्या कडांवर, आणि पीठ त्याच चरांतून बाहेर येतं. कडा बोथट झाल्या की पीठ तापतं, म्हणून जात्याला टाकी लावावी लागते, तिकडेही आणि इकडेही. दळण चालू असेल तर बाहेर पडणारं पीठ चिमटीत घेऊ का, असं विचारा. ते कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. गिरणीवाल्याला हा प्रश्न आवडतो आणि तो आपणहून पुढचं दाखवतो.

तपासा: चालत्या पट्ट्यांजवळ ओढणी, पदर, मफलर, मोकळे केस नकोत. लहान मुलाचा हात धरून ठेवा. ही प्रदर्शनातली नक्कल नाही, खरं यंत्र आहे.

पीठ घेताना एक सांगतो. ‘कॉर्नमील’ भाकरीसाठी म्हणून घेतात आणि भाकरी थापताना तुटते, कारण ते बरंच भरड असतं. भाकरी करायची तर सगळ्यांत बारीक दळलेलं मागा, नाहीतर घरी चाळून घ्या. ‘ग्रिट्स’ म्हणजे मक्याचा जाड रवा, त्याचा उपमा उत्तम होतो.

टप्पा ६: पूल बघणं

गाडीने पूल पार करायचा असेल तर आधी तोंडाशी पूर्ण थांबा. पूल एकेरी असतो. आत कुणी आहे का बघा, दिवे लावा, आणि माणसाच्या चालीने जा. काही पुलांच्या तोंडावर ‘क्रॉस धिस ब्रिज ॲट अ वॉक’ अशी जुनी सूचना रंगवलेली आहे. ती घोडेस्वारांसाठी होती. घोडे एका लयीत दौडले की पूल झुलायला लागतो, म्हणून त्यांना चालवतच न्यायचं. लांबीच्या दिशेने जाड फळ्यांच्या दोन पट्ट्या टाकलेल्या असतील तर चाकं त्यांच्यावर ठेवा. आत थांबून फोटो काढू नका. उन्हातून अंधारात शिरताना डोळ्यांना दोन-तीन क्षण काहीच दिसत नाही, आणि तेव्हा आत चालणारं माणूस असू शकतं.

पलीकडे गाडी लावा आणि चालत परत या. खरं बघणं इथून सुरू होतं. काही पूल फक्त चालणाऱ्यांसाठीच आहेत, नॅरोज आणि ब्रिजटन त्यांतलेच.

पहिलं, तोंड बघा. इथले बरेच पूल दोन माणसांनी बांधले: जे. जे. डॅनियल्स आणि जे. ए. ब्रिटन. डॅनियल्सच्या पुलाचं तोंड बहुधा कमानीसारखं गोलसर, ब्रिटनचं चौकोनी आणि वरचे कोपरे तिरके कापलेले. मॅन्सफील्ड (१८६७), ब्रिजटन, जॅक्सन (१८६१) आणि वेस्ट युनियन (१८७६) हे डॅनियल्सचे. नॅरोज (१८८२) आणि कॉक्स फोर्ड (१९१३) ब्रिटनचे. एवढं लक्षात ठेवलं की फोटो घरी येऊन एकमेकांत मिसळत नाहीत.

दुसरं, आतला सांगाडा. इथे टॉर्च लागतो. भिंतीच्या आत उभे खांब आहेत, त्यांच्यामध्ये तिरपे वासे, आणि या सगळ्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गेलेली एक प्रचंड लाकडी कमान. थिओडोर बर या माणसाने १८१७ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना. कमानीवर टॉर्च टाकत एका टोकाकडे जा. ती पुलाच्या फळ्यांच्या खाली उतरते आणि दगडी पायात जाऊन टेकते. आता मधोमध या. तिरपे वासे दोन्हीकडून वर चढत एका उभ्या खांबाच्या माथ्याला येऊन मिळतात, तो या गाळ्याचा, म्हणजे दोन पायांमधल्या भागाचा मध्य. मॅन्सफील्डला असे दोन मध्य सापडतात, कारण त्या पुलाला दोन गाळे आहेत आणि ओढ्यात मधला खांब आहे. जॅक्सनला एकच सापडतो. तो २०७ फूट एका झेपेत गेला आहे. मुलांना ‘मध्य शोधा’ एवढंच सांगा, पूल त्यांना आपोआप कळतो.

तिसरं, छप्पर. ते वाटसरूंना पावसापासून वाचवायला आहे असं सर्रास सांगितलं जातं. पाऊस वाचवायचा आहे तो लाकडी सांधे कुजू नयेत म्हणून. उघडा लाकडी पूल काही वर्षांत खिळखिळा होतो, छपराखालचा शंभर-दीडशे वर्षं टिकतो.

चौथं, काठावरून बाजूने बघा, जिथे उतरायला परवानगी आहे तिथे. दगडी पायावर पुराच्या पाण्याच्या खुणा असतात. कॉक्स फोर्ड पूल १९१३ च्या मार्चमधल्या महापुरानंतर बांधलेला आहे.

तपासा: ब्रिजटनच्या फोटोखाली ‘१८६८ चा पूल’ असं लिहू नका. तो पूल एप्रिल २००५ मध्ये कुणीतरी आग लावून जाळला. आज उभा आहे तो त्याच जागी त्याच घडणीचा, २००६ मध्ये गावकऱ्यांच्या मेहनतीने पुन्हा बांधलेला. आतली लाकडं जवळून बघा. मॅन्सफील्डच्या काळवंडलेल्या वाशांच्या मानाने ती किती उजळ आणि कोऱ्या कडांची आहेत ते लगेच ध्यानात येतं. दोन्ही एकाच दिवशी बघण्याचं हे आणखी एक कारण.

सावधान: दिवाळी याच दिवसांत येते आणि पुलाच्या तोंडाशी पणत्या किंवा फुलबाज्या घेऊन फोटो काढायचा मोह होतो. अजिबात नको. सुकं लाकूड आणि आतून वाहणारा वारा. ब्रिजटनचं काय झालं ते वर वाचलंतच. सिगारेटही पुलापासून दूर. फळ्यांवर नाव कोरणं हेही जाळण्याचंच धाकटं भावंड आहे.

टप्पा ७: लगेच नोंद आणि परतीचा रस्ता

प्रत्येक पुलावर पहिला फोटो नावाच्या आणि सालाच्या पाटीचा काढा, मग बाकीचे. गाडीत बसल्या बसल्या दोन ओळी लिहा: ओढ्याचं नाव, गाळे किती, तोंड कुणाच्या पद्धतीचं. मॅन्सफील्ड आणि ब्रिजटन, दोन्ही बिग रॅकून क्रीकवर आहेत. नॅरोज, कॉक्स फोर्ड, जॅक्सन आणि वेस्ट युनियन हे चारही शुगर क्रीकवर. नकाशावर या दोन ओढ्यांवर पेन्सिल फिरवली की एवढी फेरी आपण दोन ओढ्यांच्या काठाने केली हे समोर येतं, आणि पुढच्या खेपेला कुठल्या ओढ्याने जायचं ते ठरवणं सोपं होतं.

स्वच्छतागृह टर्की रनमध्येच उरकून घ्या. पार्कात शिरताना गाडीमागे शुल्क लागतं, त्याची पावती काचेवर ठेवा.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी खडीचे रस्ते सोडून मोठ्या रस्त्याला लागा. नोव्हेंबरात तिन्हीसांजेला हरणं रस्ता ओलांडतात, आणि एक गेलं की मागून दुसरं असतंच. पहिलं दिसल्यावर वेग वाढवू नका, थांबून दुसऱ्याची वाट बघा.

घरी पोचल्यावर पिठाची पिशवी ओट्यावर ठेवून झोपू नका. दगडी जात्यावरच्या पिठात दाण्याचा कोंब तेलासकट असतो. बाहेर ठेवलं तर काही आठवड्यांत कडवट वास येतो. हवाबंद डब्यात भरून त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका, डब्यावर तारीख लिहा, आणि लागेल तेवढंच बाहेर काढा.